कुमुदआत्या हडपसरला राहिली ते वर्ष

कुमुदआत्या आमच्याकडे राहायला आली त्या संध्याकाळी घरातला मोबाईल झोपला होता. निदान पार्थला आम्ही तसं सांगितलं होतं. पार्थ तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. त्याला जेवताना मोबाईल लागायचा आणि तो द्यायचा नसला की आम्ही सांगायचो, मोबाईल झोपला, त्याला उठवायचं नाही. टीव्हीला अधूनमधून ताप यायचा. कोपऱ्यावरचे आइस्क्रीमवाले काका सबंध उन्हाळा गावाला गेलेले असायचे. पार्थची मोठी बहीण सई सहा वर्षांची होत आली होती. तिला या सगळ्याचा संशय यायला लागला होता, पण हातात पुरावा नव्हता. एकूण आमचं बरं चाललं होतं.

आत्याने दारात चपला काढल्या, बॅग भिंतीला टेकवली आणि जमिनीवर लोळून रडणाऱ्या पार्थकडे पाहिलं.

"काय झालं यांना?"

"मोबाईल झोपलाय ना, म्हणून," मी तिला डोळा मारत म्हणालो.

"मोबाईल झोपत नाही," आत्या पार्थला म्हणाली. "तो कपाटावर आहे, मला इथून दिसतोय. तुमचे आईबाबा तो देत नाहीयेत. का देत नाहीत ते त्यांना विचारा."

पार्थचं रडणं थांबलं. त्याने कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. मागे सई हळूच म्हणाली, "मला वाटलंच होतं." मृणालने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात पुढच्या सगळ्या वर्षाचा अंदाज होता.

कुमुदआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. जन्म सदाशिव पेठेत, शाळा तिथेच, आणि टेलिफोन खात्यातली नोकरीही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ट्रंक कॉल लावावे लागत त्या काळात ती ऑपरेटर होती. शेजारच्या खुर्च्यांवरच्या बाया गिऱ्हाइकांना "लागतोय हं, पाचच मिनिटं" म्हणून तासन्‌तास बसवून ठेवायच्या. आत्या सांगायची, "नागपूर आज लागणार नाही. पत्र टाका." तिच्याविरुद्ध तक्रारी भरपूर जायच्या. पण घाईचा निरोप असला की तेच तक्रारवाले विचारायचे, "त्या रागीट बाई आहेत का ड्यूटीवर?"

उंच, काटकुळी, इस्त्रीची सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. फोन घेताना अजूनही "हं, बोला" आणि बोलणं संपलं की सरळ बंद. अच्छा नाही, ठेवते नाही.

तिची इमारत पाडून नवीन बांधायला घेतली होती. पेठेतच कुठे भाड्याची जागा मिळेपर्यंत आठ दिवस आमच्याकडे, असं ठरलं. हडपसर तिच्या हिशेबी पुण्यात नव्हतंच. "हडपसर म्हणजे सोलापूरच झालं की," ती फोनवर म्हणाली होती. "तिकडे आपलं दूध मिळतं ना?" नेमकी त्याच आठवड्यात मुलांना सांभाळणाऱ्या शांताबाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या. माझं ऑफिस कॅम्पात, मृणालचं आयटीतलं काम घरून आणि ऑफिसातून आलटून पालटून. आठ दिवसांत ना आत्याला जागा मिळाली, ना शांताबाई परतल्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आत्या राहिली.

फक्त पहिल्याच सकाळी चहा पिताना तिने मृणालला सांगून टाकलं, "मला मुलं आवडत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं."

"अहो आत्या, असं काय म्हणता!"

"नाही आवडत. माणसं आवडतात, तीही थोडीच. यांना मी माणसं म्हणून वागवीन. चालेल का?"

मृणालची मीटिंग सुरू होत होती. ती म्हणाली, चालेल.

माणसं म्हणून वागवणं म्हणजे काय, ते लगेच कळलं. आत्या दोन्ही मुलांना अहो-जाहो करायची. त्यात लाड नव्हता. अनोळखी माणसाशी जसं बोलतात तसंच ते होतं. "पार्थ, आपण डाळिंब खाणार आहात की नुसतं भिंतीला लावणार आहात? लावणार असाल तर मी दुसरं सोलत नाही." दोघं एकदम बोलायला लागली की ती हात वर करायची. "एका वेळी एक. सई, बोला. पार्थ, आपण होल्डवर." पार्थ खरोखरच तोंडावर हात ठेवून होल्डवर थांबायचा. आमच्यासाठी तो ना कधी होल्डवर राहिला, ना आजतागायत राहतो. पुढे सईने शाळेत बाईंना "मॅम, एक मिनिट, होल्ड करा" असं सांगितलं, तेव्हा आम्हाला भेटायला बोलावण्यात आलं.

मुलं तिला आत्याआजी म्हणायची, आणि अरे-तुरे करायची. त्याला तिची हरकत नव्हती.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि सईने उवा आणल्या. सईच्या मृणालला, मृणालच्या मला. मृणाल व्हिडिओ कॉलवर पेन्सिलीने डोकं खाजवते आणि तिचा साहेब विचारतो, "एनी डाउट्स, मृणाल?" अशी अवस्था. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या सोसायटीत खाली तळमजल्यावर जिम, वर काचेची गच्ची, आणि अशा ठिकाणी आपल्या डोक्यात उवा! "कुणाला कळता कामा नये," तिने बजावलं. "मी सांगेन, शांपू बदललाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे लिफ्टमध्ये. सातव्या मजल्यावर, क्लबहाउसात योग शिकवणाऱ्या जोशीबाई आत आल्या, मागून लॅपटॉपची बॅग लावलेला एक तरुण. जोशीबाईंनी सईच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला.

"जरा लांब उभ्या राहा," आत्या म्हणाली. "आमच्याकडे उवा झाल्यात."

लिफ्ट दोन मजले उतरेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. मृणाल दाराच्या फटीकडे बघत होती, तिथून बाहेर पडता येईल का म्हणून. मग जोशीबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडेही झाल्यात हो. पंधरवडा झाला. कुणाला सांगायचं?" मागच्या तरुणाने डोक्याकडे नेलेला हात हळूच खाली घेतला.

त्या रविवारी काचेच्या गच्चीवर निम्मी सोसायटी बसली होती. आत्याने मंडईतून फण्या आणल्या होत्या. ती खुर्चीवर, समोर पाटावर एकेक डोकं, बाजूला तेलाची वाटी. "पुढचे या. तुमच्यात लिखा जास्त आहेत, पुढच्या रविवारी परत यायचं. तुम्ही उठा, तुमचं स्वच्छ आहे, उगाच घाबरलात." मृणाल त्या इमारतीत इतकी वर्षं राहत होती, पण शेजारणींची नावं तिला गाड्यांच्या नंबरांवरून ठाऊक होती. त्या दिवशी तिला तिथे तीन मैत्रिणी मिळाल्या. तिघी आजही घरी येतात. ओळख कशी झाली ते मात्र कुणी सांगत नाही.

पार्थच्या लशीचा प्रसंग त्यानंतरचा. डॉक्टर हसतमुख. त्यांच्या खोलीत भिंतभर हत्ती आणि जिराफ. सुई भरत ते म्हणाले, "काही नाही हं पार्थ, एवढीशी मुंगी चावेल."

"मुंगीचा काय संबंध?" आत्याने विचारलं. "सुई आहे. दुखेल."

"आजी, मुलांना असं घाबरवू नये."

"घाबरवत नाहीये, कळवतेय. पार्थ, हे दुखेल. फार वेळ नाही. ओरडायचं असेल तर खुशाल ओरडा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. संपलं की मी 'झालं' म्हणेन."

पार्थ असा ओरडला की बाहेर नुसत्या सर्दीसाठी आलेला एक मुलगा आईला ओढत जिन्यापर्यंत घेऊन गेला. "झालं," आत्या म्हणाली. आवाज एकदम बंद. नळ बंद करावा तसा. एरवी आमचं रडणं दवाखान्यात सुरू व्हायचं ते घरचं पार्किंग येईपर्यंत चालायचं. डॉक्टर हातातल्या रिकाम्या सिरिंजकडे बघत राहिले.

तेव्हापासून पार्थ कुठल्याही नव्या गोष्टीआधी तिला विचारायला लागला. "हे दुखणार?" केस कापायला नेलं तेव्हाही विचारलं. आधी त्याचे केस कापायचे म्हणजे मी पाय धरायचो, मृणाल डोकं धरायची आणि न्हावी देवाचं नाव घ्यायचा. आत्या म्हणाली, "नाही. टोचेल, पण दुखणार नाही." पार्थ खुर्चीवर जाऊन बसला, आणि न्हाव्याला म्हणाला, "अहो, आपण कापा."

अर्थात याची झळ आम्हाला बसायचीच. एकदा दुपारी मृणाल मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून साहेबाला सांगत होती, "सॉरी सर, नेटवर्क खूप वीक आहे." तिच्या कोपराजवळून पार्थचा खणखणीत आवाज गेला, "नेटवर्क आहे! आई बेसनाचा लाडू खातेय!"  पलीकडून साहेब मराठीत म्हणाले, "घरचा आहे का?" दिवाळीनंतर मृणालला एक डबा भरून ऑफिसला न्यावा लागला.

मंडईचा प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. म्हणजे आता आम्ही हसतो. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं.

आत्याला आमच्याकडची प्लास्टिकच्या पिशवीत येणारी कोथिंबीर बघवायची नाही. दर आठवड्याला ती बसने मंडईला जायची. त्या दिवशी सई शाळेत होती, म्हणून पार्थला बरोबर घेऊन गेली. दुपारी आली ती सरळ मृणालच्या खोलीत. मी नेमका घरी होतो.

"मृणाल, मीटिंग थांबव," आत्या म्हणाली. "पार्थ आज मंडईत हरवला होता. सापडला. धडधाकट आहे. पण हरवला होता, आणि चूक माझी होती. मी सीताफळं बघत होते आणि त्याचा हात सोडला."

पार्थ दारात लिंबू चोखत उभा होता. त्याच्या दृष्टीने काही झालंच नव्हतं. नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. आत्या गाळ्यागाळ्यातून त्याला हाका मारत फिरली. आवाज चिरकला, एक चप्पल कुठे राहिली तेही तिला कळलं नाही. शेवटी एका लिंबंवालीच्या ढिगाऱ्यामागे पार्थ मांडी घालून बसलेला दिसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला "अहो, आपण लिंबू घेणार का?" असं विचारत होता. लिंबंवाली आत्याला म्हणाली, "तुम्हीच का ती आत्याआजी? हे म्हणतंय, माझी आत्याआजी हरवलीय, सापडली की घेऊन घरी जायचंय."

हे सगळं आत्याने सांगितलं नसतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं. मृणाल उठली आणि तिने पार्थला उचलून घेतलं.

"रस्त्यावर गेला असता तर, आत्या?"

"तर संपलंच होतं. म्हणूनच सांगतेय."

  दुसऱ्या दिवशी मृणालने रजा टाकली आणि जवळचं एक पाळणाघर बघायला गेली. मी आत्याच्या खोलीत डोकावलो तर पलंगावर बॅग उघडी, साड्यांच्या घड्या एकावर एक.

"आत्या, मनावर घेऊ नकोस," मी म्हणालो. "तिला ऑफिसचा ताण असतो गं."

"ताण नाही, मंदार. तिचा माझ्यावरचा विश्वास उडालाय. बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असते तर मला कालच रिक्षात बसवलं असतं." मग घडी मोडून पुन्हा घालत म्हणाली, "लिंबाच्या ढिगामागे तो दिसेपर्यंत मला वाटत होतं, आता दादाला वर जाऊन काय सांगू." दादा म्हणजे माझे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आत्याच्या तोंडून असं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो.

मृणाल तासाभरात परत आली, ती चपला न काढता आत्याच्या खोलीत.

"काय गं, कसं आहे?" मी विचारलं.

"भिंतीवर ढग काढलेत. मॅडम साखरेसारख्या गोड. म्हणाल्या, आमच्याकडे मुलं पडत नाहीत, भांडत नाहीत आणि रडत तर अजिबातच नाहीत. मागच्या खोलीत एक मूल टाहो फोडत होतं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, तो गाणं म्हणतोय."



मृणाल पलंगावर बॅगेच्या शेजारी बसली. "इथे काही झालं तर मला कळतं तरी," ती म्हणाली. आणि मग, डोळे पुसून, "पण आत्या, मंडई बंद. भाजी मी ॲपवरून मागवणार."

"कोथिंबीर वाईट येईल."

"येऊ दे."

"ठीक आहे," आत्या म्हणाली. साड्या पुन्हा कपाटात गेल्या. कोथिंबीर खरोखरच वाईट आली, आणि आत्याने ते रोज सांगितलं.

सईच्या शाळेचं गॅदरिंग त्यानंतर. भाज्यांचा नाच होता आणि सई गाजर होती. केशरी कापड, डोक्यावर हिरव्या कागदाचा तुरा. अशी दहा-बारा गाजरं. मी सभागृहात पुढे जाऊन, लोकांच्या शिव्या खात, सगळा नाच मोबाईलवर घेतला. नंतर अंगणात जो तो म्हणत होता, "सई, काय छान नाचलीस गं!" मृणाल म्हणाली, मी म्हणालो, बाई म्हणाल्या, जोशीबाई म्हणाल्या. सई गप्प. घरी आल्यावर ती आत्याकडे गेली. आत्या मटार सोलत होती.

"आत्याआजी, मी कशी नाचले?"

मृणालने आत्याच्या पाठीमागून, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून, जमतील तेवढ्या खुणा केल्या.

"आपण दोनदा चुकलात," आत्या म्हणाली. "गाजरं डावीकडे गेली तेव्हा आपण उजवीकडे गेलात, आणि मुळ्याला धडकलात. मुळा पडला."

आता रडणार, म्हणून मृणाल पुढे झाली. पण सईचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"म्हणजे तू मला बघत होतीस?"

"मग काय! त्यासाठीच तर आले होते. एवढ्या लांब मुळा बघायला कोण येतं?"

"सगळे नुसतं छान छान म्हणाले," सई म्हणाली. "मला वाटलं, मला कुणी बघितलंच नाही." ती आत्याला चिकटून बसली आणि एक शेंग उचलली. "आणि शेवटी?"

"शेवटी सगळ्यांनी हात वर केले, त्यात आपले सगळ्यांत सरळ होते. ते चांगलं झालं."

सई ते ऐकून इतकी खूश झाली की जेवतानाही हात वर करून बसली. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, चला, व्हिडिओ बघू. टीव्हीला मोबाईल जोडला. सगळे बसले. नाच सुरू झाला, संपला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दुसऱ्याच गाजराचं शूटिंग केलं होतं.

उन्हाळ्यात निरोप आला की आत्याची इमारत तयार झाली. आत्याने मुलांना लगेच सांगून टाकलं. आम्ही म्हणत होतो, आयत्या वेळी सांगू, तोवर कशाला. सईने विचारलं, "इथे तुला आवडत नाही?" आत्या म्हणाली, "आवडतं. तिथेही आवडतं. ते माझं घर आहे."

मी एकदा तिला गाठून म्हणालो, "आत्या, राहा ना इथेच. मुलांना सवय झालीय तुझी."

"मुलांना सवय झालीय म्हणून, की शांताबाई परत येत नाहीत म्हणून?"

मी विचार केला. "दोन्ही."

"बरं झालं, खरं बोललास," ती म्हणाली. "तरी जाते."

सामान फार नव्हतंच, पहिल्या बॅगेमागोमाग वर्षभरात आलं तेवढंच. छोटा टेम्पो आला. एक कपाट, दोन बॅगा, शिवणाचं मशीन. आत्या पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसली, मांडीवर पर्स, पाठ ताठ. आम्ही चौघं फाटकापाशी उभे. पार्थने खिडकीशी जाऊन मान वर केली.

"आत्याआजी, तुझ्या डोळ्यांतून पाणी येतंय."

"आजीला सर्दी झालीय, राजा," मृणाल घाईने म्हणाली.

"सर्दी नाही," आत्या म्हणाली. चष्मा काढून तिने पदराने पुसला. "मी रडतेय. थोडा वेळ चालेल, मग थांबेल. तुम्ही वर जा, दूध गार होतंय."

ड्रायव्हरने टेम्पो सुरू केला. आम्ही हात हलवायला लागलो. टेम्पो फाटकाबाहेर पडला आणि सोलापूर रस्त्याच्या गर्दीत, आमच्यापासून वीस पावलांवर अडकला. पुढे बस, मागे बस, कडेला रिक्षा. आम्ही हात हलवत राहिलो. टेम्पो जागचा हलेना. आमचे हात भरून आले, पण आधी थांबवायचा कुणी? शेवटी आत्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अरे, किती वेळ हलवताय? खांदे दुखतील! जा आता!"

तेवढ्यात सिग्नल सुटला. टेम्पो बसच्या मागून निघाला. कपाटाची वरची कड थोडा वेळ दिसत राहिली, मग तीही दिसेनाशी झाली.

"गेली," पार्थ म्हणाला. त्याने आईचा हात धरला. "आई, आता मी रडू?"

"रड," मृणाल म्हणाली.

तो रडायला लागला, मग सई, मग मृणाल, आणि मग मी. भर सकाळी, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसमोर, आम्ही चौघं फाटकात उभे राहून रडत होतो. वॉचमनकाका बिचारे धावत आपली खुर्ची घेऊन आले. पण ती नक्की कुणाला द्यायची, ते त्यांना कळेना.